चौथे शिवाजी महाराज आणि मेंदूचे शास्त्र

कोल्हापूरच्या गादीवरील चौथे शिवाजी महाराज ह्यांचे नाव आज निघते ते बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी चरित्रात. टिळकांच्या चरित्रात ते पहिल्या तुरुंगवासाचे कारण म्हणून येतात. आगरकरांच्या चरित्रात डोंगरीच्या एकशे एक दिवसांचे निमित्त म्हणून येतात. आणि शाहू छत्रपतींच्या चरित्रात, गादी रिकामी कशी झाली एवढे सांगण्यापुरते, पहिल्या प्रकरणात येऊन जातात. विसाव्या वर्षी जो मनुष्य बंदिवासात मरण पावला, त्याला स्वतःचे असे एक पानही इतिहासाने दिलेले नाही. ह्याचे कारण उघड आहे. त्यांच्याविषयी जे काही सांगायचे ते सर्व 'वेडे' ह्या एका शब्दात सांगून झाले, अशी आपली समजूत आहे. तो शब्द १८८२ साली उच्चारला गेला तेव्हा त्याच्या पाठीशी ज्ञान किती होते, हे पाहण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम हकीकत. कोल्हापूरचे राजाराम महाराज युरोपच्या प्रवासाहून परतत असता ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे वारले. त्यांना पुत्र नव्हता. म्हणून पुढल्या वर्षी सावंतवाडीकर भोसल्यांच्या घराण्यातील नारायणराव हा आठ वर्षांचा मुलगा दत्तक घेऊन त्याचे नाव शिवाजी ठेवण्यात आले. घरातून उचलून आणलेल्या ह्या मुलाचे पुढील आयुष्य शिक्षक, कारभारी, पोलिटिकल एजंट आणि गोरे रखवालदार ह्यांच्या पहाऱ्यात गेले. वयात येता येता त्यांच्या वागण्यात विक्षेप दिसू लागला, असे सरकारचे म्हणणे. विक्षेप नाही, त्यांना छळून तसे केले जात आहे, असे पुष्कळ प्रजाजनांचे म्हणणे. १८८२ साली महाराज राज्यकारभारास असमर्थ ठरले व कागलकर जयसिंगराव घाटगे ह्यांच्या अध्यक्षतेखाली रीजन्सी कौन्सिल नेमले गेले. पुढे महाराजांना अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यात नेऊन ठेवण्यात आले, आणि तेथे २५ डिसेंबर १८८३ रोजी, ग्रीन नावाच्या गोऱ्या रखवालदाराशी झालेल्या झटापटीनंतर, त्यांचा अंत झाला.

मधल्या काळात पुण्यात जे घडले ते सर्वश्रुत आहे. १८८१ च्या आरंभी निघालेल्या 'केसरी' व 'मराठा' ह्या पत्रांनी त्या वर्षाच्या अखेरीस कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे ह्यांच्यावर कडक आरोप केले. ज्या पत्रांच्या आधारे हे आरोप झाले ती बनावट ठरली. संपादकांनी दिलगिरी दर्शविली, तरी खटला चालला, व जुलै १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर ह्यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. न्यायालयापुढे प्रश्न होता तो बर्व्यांच्या अब्रूचा. महाराजांच्या मनाला काय झाले होते, हा प्रश्न तेथे निकालात निघाला नाही. तो कोठेच निघाला नाही.

आम्ही ज्या बिद्री गावी बसून हे लिहीत आहोत ते कागल तालुक्यातले. म्हणजे रीजंट ज्या घराण्याचे आणि पुढचे छत्रपतीही ज्या घराण्यातून आले, त्यांच्या जहागिरीच्या मुलखातले. इकडे हा विषय निघाला की बोलणे ठरीव वाटेने जाते. एक म्हणतो, महाराज वेडे होते. दुसरा म्हणतो, होते कसले, वेडे केले. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याच्या रस्त्यावर गाड्या अडून पडतात, तसे हे दोन पक्ष एकमेकांसमोर अडून आहेत. दोघांनाही एक गोष्ट मात्र मान्य दिसते. आजार खरा असेल तर छळ खोटा, आणि छळ खरा असेल तर आजार खोटा. आमचे म्हणणे असे की, चूक जर कोठे असेल तर ती ह्या सामाईक गृहीतातच आहे; आणि ती दाखविण्याचे काम इतिहासापेक्षा मेंदूचे शास्त्र अधिक चांगले करू शकते.

हे शास्त्र त्या वेळी कोठवर आले होते? योगायोग असा की, ज्या १८८१ साली कोल्हापूरच्या वाड्यातील कुजबूज वर्तमानपत्रांत पोचली, त्याच वर्षी ऑगस्टात लंडनमध्ये आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषद भरली होती, आणि तेथे मेंदूविषयीचा एक मोठा वाद जाहीर रीतीने लढला गेला. मेंदूचे निरनिराळे भाग निरनिराळी कामे करतात की सगळा मेंदू मिळून सगळी कामे करतो, हा तो वाद. गोल्ट्झ ह्या जर्मन पंडिताने मेंदूचा पुष्कळ भाग काढून टाकलेला कुत्रा आणला होता. तो हिंडत फिरत होता, सबब भागाभागांची कल्पना खोटी, असे त्याचे प्रतिपादन. उलट डेव्हिड फेरियर ह्या स्कॉटिश वैद्याने दोन माकडे आणली. एकाच्या मेंदूच्या सालीचा हालचालीशी संबंध असलेला एका बाजूचा भाग काढला होता. ते विरुद्ध बाजूचा हातपाय ओढीत, अर्धांग झालेल्या मनुष्यासारखे लंगडत आत आले. त्याला पाहताच पॅरिसचे प्रख्यात वैद्य शार्को 'हा तर रोगीच आहे' असे उद्गारले, ही कथा वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्धच आहे. दुसऱ्या माकडाच्या श्रवणाशी संबंधित भागावर शस्त्रक्रिया झाली होती. बार काढला तरी ते दचकले नाही. पुढे त्या प्राण्यांचे मेंदू तपासले गेले, तेव्हा गोल्ट्झच्या कुत्र्याचा मेंदू त्याने सांगितला होता तेवढा काढला गेलाच नव्हता असे आढळले, व फेरियरची बाजू जिंकली.

गंमत अशी की, त्याच नोव्हेंबरात फेरियरलाही लंडनच्या बो स्ट्रीटच्या न्यायालयात उभे राहावे लागले. परवान्याशिवाय प्राण्यांवर शस्त्रक्रिया केल्याचा त्याच्यावर आरोप होता. शस्त्रक्रिया परवाना असलेल्या सहकाऱ्याने केली होती असे सिद्ध झाल्याने तो सुटला. एका माकडाला मेंदूची इजा कोणी व कोणत्या अधिकाराने केली, ह्याची चौकशी करणारा कायदा ज्या साम्राज्यात होता, त्याच साम्राज्यात एका राजाच्या मेंदूची चौकशी कशी झाली हे पाहिले म्हणजे मन विषण्ण होते.

तथापि त्या डॉक्टरांवर सगळा दोष लादणे न्यायाचे होणार नाही. त्यांच्या हाती होते तरी काय? मेंदूच्या पुढच्या डाव्या भागास इजा झाली म्हणजे वाचा जाते, हे ब्रोकाने १८६१ साली दाखविले होते. सुरुंग ठासण्याची पहार कवटीतून आरपार गेलेला अमेरिकन रेल्वे मुकादम फिनिअस गेज हा १८४८ सालच्या त्या अपघातातून वाचला, पण शांत व नेमस्त मनुष्याचा उद्धट व लहरी मनुष्य झाला, हेही त्याच्या वैद्याने १८६८ साली प्रसिद्ध केले होते. म्हणजे कपाळामागच्या मेंदूचा आणि शीलाचा काही संबंध आहे, एवढी चाहूल लागली होती. पण जिवंत मनुष्याच्या कवटीआड काय चालले आहे हे पाहण्याचे साधन नव्हते. क्ष-किरण १८९५ चे. पाठीच्या मणक्यांतून पाणी काढून तपासण्याची रीत १८९१ ची. मेंदूतील विजेच्या लहरींचे आलेख १९२९ साली प्रसिद्ध झाले. मेंदूचे थरांगणिक चित्र देणारे सी.टी. यंत्र १९७१ साली प्रथम रोग्यावर वापरले गेले. राजाचा मेंदू तपासणे म्हणजे राजाचे वागणे पाहणे, एवढेच शक्य होते. आणि वागणे पाहणारे डोळे कोणाचे, हाच तर कोल्हापुरात वादाचा मुद्दा होता.

मेंदू कशाचा बनला आहे, हेही तेव्हा धड ठाऊक नव्हते. राजाराम महाराजांना ज्या इटलीत अग्नी दिला गेला, त्याच इटलीत तीन वर्षांनी, १८७३ साली, असाध्य रोग्यांच्या एका इस्पितळातील स्वयंपाकघराची प्रयोगशाळा करून कामिल्लो गोल्जी ह्याने रुप्याच्या क्षाराने मज्जापेशी काळ्या रंगविण्याची युक्ती शोधली. तिच्याच साह्याने स्पेनच्या काहालने १८८८ पासून दाखविले की, मेंदू हे एकसंध जाळे नसून सुट्या पेशींचा समुदाय आहे, आणि त्या पेशी एकमेकींस टेकून निरोप देतात. १८९१ साली त्या पेशींना न्यूरॉन हे नाव मिळाले. गोल्जीने हे मत अखेरपर्यंत मानले नाही. १९०६ साली दोघांना एकच नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, तेव्हाही त्याने आपल्या भाषणात काहालच्या मताचे खंडनच केले. (पंडितांचे भांडण पारितोषिकाने मिटत नाही, हे आम्हां प्राध्यापकांस सांगावयास नको.)

ह्या दीडशे वर्षांत ज्ञान वाढले तसे 'वेड' ह्या एका पोत्यातून एकेक रोग बाहेर निघत गेला. एकोणिसाव्या शतकातील युरोपच्या वेड्यांच्या इस्पितळांत ज्यांना वल्गना करीत मरण येई, त्यांतील पुष्कळांच्या मेंदूत उपदंशाचे जंतू होते, हे १९१३ साली सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. पुढे पेनिसिलिनने तो प्रकारच विरळ केला. आपल्याकडे ज्याला बाहेरची बाधा म्हणून लिंबू-नारळाचे उतारे झाले, ते कित्येक वेळा फेफरेच होते. मेंदूच्या एका कोपऱ्यातील पेशी एकदम व एकतालात पेटल्या की मनुष्य घटकाभर परका होतो. आणि २००७ साली तर असा एक रोग ओळखला गेला की, ज्यात शरीराचे संरक्षक द्रव्यच मज्जापेशींवरील एन.एम.डी.ए. नावाच्या ग्राहकांवर चालून जाते. धडधाकट तरुण माणसे काही दिवसांत भ्रमिष्ट होतात, ओरडतात, झटापट करतात; आणि वेळीच उपचार झाले तर त्यांतील बहुतेक बरी होतात. २००७ पूर्वी ह्यांतील कित्येकांना काय म्हटले गेले असेल, त्याचा वाचकांनीच विचार करावा.

महाराजांना ह्यांपैकी अमुक रोग होता असे सांगण्याचा मोह आम्ही आवरतो. कागदपत्रांवरून मृताची नाडी पाहण्याची हल्ली एक टूम निघाली आहे, ती आम्हांस पसंत नाही. पण दुसऱ्या पक्षाचे जे म्हणणे, 'छळून वेडे केले', त्याविषयी शास्त्राला आता काही बोलता येते, आणि ते महत्त्वाचे आहे. दीर्घकाळ चाललेला धाक हा नुसता मनाचा विषय राहत नाही. २००२ साली बंगळूरच्या संशोधकांनी उंदरांना रोज काही काळ जखडून ठेवून त्यांचे मेंदू पाहिले. स्मृतीशी निगडित असलेल्या हिपोकॅम्पस ह्या भागातील पेशींच्या फांद्या आखडल्या होत्या, आणि भयाचे ठाणे असलेल्या अमिग्डला ह्या भागातील पेशींच्या फांद्या उलट वाढल्या होत्या. दहा दिवसांच्या जखडणुकीनेही भयाच्या ठाण्यात फरक पडला होता. शिवाय आवेगांना लगाम घालणारा कपाळामागचा भाग माणसात पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्व होत असतो. आठव्या वर्षी घरापासून तुटलेला, समवयस्कांची संगत नसलेला, सदैव पहाऱ्यात वाढलेला मुलगा अठराव्या वर्षी उसळून अंगावर गेला, तर तो आजाराचा पुरावा की पहाऱ्याचा? दोन्हींचा असू शकतो. मेंदू ही अशी जागा आहे की तेथे बाहेरचा जुलूम आतला रोग होऊन बसतो, आणि मूळचा रोग जुलमाने दुणावतो. म्हणून आमच्या बिद्रीकडील ते दोन्ही पक्ष अर्धे अर्धे बरोबर असण्याचा पुष्कळ संभव आहे.

आगरकरांना ह्या गुंतागुंतीची जाण त्या वयातही होती, असे मानण्यास जागा आहे. त्या प्रकरणानंतर लगेच, १८८३ साली, त्यांनी शेक्सपियरच्या 'हॅम्लेट'चे भाषांतर 'विकारविलसित' ह्या नावाने प्रसिद्ध केले. राजपुत्र खरा वेडा की सोंग करतो, की भोवतालच्या राजकारणाने वेडा होत चालला आहे, हे ज्या नाटकात अखेरपर्यंत ठरत नाही, ते नाटक त्यांनी त्या वेळी निवडावे हा केवळ योगायोग म्हणावयास आमचे मन घेत नाही. महाराष्ट्रातील प्रेक्षकांनी पुढे गणपतराव जोश्यांचा हॅम्लेट डोक्यावर घेतला. पण अहमदनगरच्या किल्ल्यातील राजपुत्राची आठवण त्यांतील कितीकांना झाली असेल?

कायद्याला शहाणपण येण्यास आणखी उशीर लागला. महाराजांच्या वेळी १८५८ चे कायदे होते. मग १९१२ चा, मग १९८७ चा, आणि अखेर २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आला. ह्या शेवटच्या कायद्यात एक कलम असे आहे की, कोणाचाही मनोविकार त्याच्या राजकीय, आर्थिक वा सामाजिक स्थानावरून ठरविता कामा नये. रोग्यास साखळदंड घालण्यासही त्याने मनाई केली आहे. ही दोन कलमे वाचताना आम्हांस तरी प्रथम आठवले ते चौथे शिवाजी महाराजच.

आता राहिले ते गादीचे. १७ मार्च १८८४ रोजी महाराजांच्या विधवा राणी आनंदीबाई ह्यांनी कागलच्या जयसिंगरावांचा वडील मुलगा यशवंतराव, वय वर्षे नऊ, ह्यास दत्तक घेऊन शाहू हे नाव दिले. हाही मुलगा घरातून उचललेला, त्याच दरबारात, त्याच एजंटांच्या नजरेखाली आणलेला. पण ह्या वेळी त्याला एकटे ठेवले नाही. धाकटा भाऊ बापूसाहेब त्याच्याबरोबर शिकला. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात समवयस्कांत राहून, पुढे धारवाडास फ्रेझरसाहेबांच्या देखरेखीखाली, भावनगरच्या भावसिंहजींसारख्या सोबत्यांसह, अभ्यास आणि प्रवास करून तो १८९४ च्या एप्रिलात राज्यावर बसला. त्या वेळी त्याचे वय एकोणीस होते. चौथ्या शिवाजींना असमर्थ ठरविले गेले तेव्हा त्यांचेही वय जवळजवळ तेवढेच होते.