ऊसतोड महिलांचे आरोग्य आणि आपले उपक्रम : बीडचा संदर्भ

बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये देशभर गाजला. राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातील ८२,३०९ महिलांच्या सर्वेक्षणात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे साधारण सहांत एक.

हा दवाखान्याइतकाच पाण्याचाही प्रश्न आहे. राज्यातील सुमारे ४ टक्के पीकक्षेत्रावर उभा असलेला ऊस सिंचनाचे जवळपास ७० टक्के पाणी पितो. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील ज्या कोरडवाहू, भूमिहीन कुटुंबांपर्यंत पाणी पोहोचत नाही, तीच पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तो ऊस तोडायला जातात. त्यांत वंजारी, बंजारा, मातंग, बौद्ध सगळे आहेत. पाणी कोणाचे, हा प्रश्न १९२७ च्या महाड सत्याग्रहापासून आपल्या चळवळीचा आहे. पर्यावरणीय न्याय हे त्याचेच आजचे नाव.

फडावर नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. एक दिवस चुकला की खाडा, म्हणजे दंड. कोपीजवळ न्हाणी नाही, संडास नाही, आणि पाळीतही डोक्यावर मोळी घेऊन ट्रकवर चढायचे असते. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोट दुखणे हे अंगावरच काढले जाते. उपचाराने बरा होण्यासारखा संसर्गही मग 'कॅन्सर होईल' या धास्तीने थेट शस्त्रक्रियेपर्यंत जातो. पिशवीबरोबर अंडाशयही काढले तर तिशीतच रजोनिवृत्ती येते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. खाडा वाचतो, पण नवे कर्ज आणि कायमचे दुखणे मागे लागते.

प्रकरण गाजल्यावर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक झाले. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना राज्यांनी तीन महिन्यांत लागू कराव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सांगितले. पण ज्या बाईला हे कळलेलेच नाही, ती परवानगीचा कागद मागणार कशी?

इथे विहाराचे काम सुरू होते, आणि तारखांचे गणितही. आपले अनेक कार्यक्रम ६ डिसेंबर आणि ३ जानेवारीला होतात. तेव्हा या बाया गावात नसतात. त्या असतात वर्षावासात. आषाढ ते आश्विन रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचनाला बाया जमतात. उचल वाटली जाते तीही याच काळात, आणि शस्त्रक्रियाही बऱ्याचदा निघण्याआधीच उरकल्या जातात. म्हणून वाचनानंतरचा अर्धा तास आशाताईंना द्यावा. शस्त्रक्रिया सुचवली असेल तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घेता येते, एवढे जरी त्यांनी पटवले तरी खूप झाले. इतर समाजांतल्या बायांनाही आवर्जून बोलवावे.

दुसरी वेळ १४ एप्रिलची. बहुतेक कोयते तोवर परतलेले असतात. जयंतीला रक्तदान शिबिर होतेच, तो उत्साह मोठाच आहे. पण अंगात रक्त कमी असलेल्या बाईला त्याचा काय उपयोग? डीजेच्या वर्गणीतून स्त्रीरोगतज्ज्ञ महिला डॉक्टर, हिमोग्लोबिनची तपासणी आणि पडद्याआडची एक खोली एवढे उभे करता येते. ज्यांची पिशवी आधीच काढली आहे त्यांनाही बोलवावे. त्यांच्या हाडांची, कंबरेची विचारपूस सहसा कोणी करत नाही.

कोल्हापूर, सांगली, साताऱ्यातल्या कार्यकर्त्यांसाठी मात्र ६ डिसेंबर आणि ३ जानेवारी याच योग्य तारखा. फड त्यांच्या गावाशेजारी असतो. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या परिचारिकेला घेऊन संध्याकाळी कोप्यांवर जावे. दिवसा तिथे कोणी भेटत नाही.