पीक्यू १८

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनकडून सोव्हिएत रशियाला युद्धसामग्री पोहोचवणारा जहाजांचा ताफा. विमानातून सोडलेल्या पाणतीरांची, म्हणजे टॉर्पेडोंची, संहारशक्ती आणि तिच्यावरचा उतारा ही दोन्ही या एकाच सफरीत दिसली. जुलै १९४२ मध्ये आधीच्या पीक्यू १७ ताफ्यातली ३५ पैकी २४ जहाजे बुडाली होती. त्यामुळे २ सप्टेंबर १९४२ रोजी स्कॉटलंडच्या लॉक यू येथून निघालेल्या या ताफ्याबरोबर ‘ॲव्हेंजर’ हे छोटे विमानवाहू जहाज देण्यात आले. जवळच्या संरक्षक जहाजांचे नेतृत्व रिअर ॲडमिरल रॉबर्ट बर्नेट यांच्याकडे होते.

पाणतीर सोडण्यासाठी विमानाला लाटांना जवळजवळ घासत, सरळ रेषेत यावे लागते. त्या वेळी ते तोफांच्या टप्प्यात असते. पण तीर एकदा पाण्यात पडला की तो जहाजाला पाण्याच्या रेषेखालीच फोडतो. नॉर्वेच्या उत्तर भागातील तळांवरून उडणाऱ्या जर्मन तुकड्यांनी यासाठी ‘सोनेरी चिमटा’ ही युक्ती बसवली होती: अनेक विमानांनी एका आडव्या रांगेत येऊन सगळे तीर एकदम सोडायचे, म्हणजे जहाजांना चुकवायला वाटच उरत नाही.

१३ सप्टेंबरला दुपारी सुमारे ४० विमाने अशी चालून आली. ‘ॲव्हेंजर’वरची सी हरिकेन विमाने आधीच्या बाँबफेक्या विमानांच्या मागे गेली होती. सर्व जहाजांनी एकदम वळावे असा इशारा झाला. उजवीकडच्या रांगांतली जहाजे मात्र वळलीच नाहीत. काही मिनिटांत आठ जहाजे गेली. दारूगोळ्याने भरलेले ‘एम्पायर स्टीव्हनसन’ सर्व खलाशांसह नाहीसे झाले.

‘ॲव्हेंजर’च्या अधिकाऱ्यांनी चूक ओळखली आणि रात्रीतून डावपेच बदलले. टेहळणी विमानांच्या मागे धावून विमाने थकवायची नाहीत, पाणतीरवाल्यांसाठी ती राखून ठेवायची, असे ठरले. १४ तारखेला हल्लेखोरांचा मुख्य रोख ‘ॲव्हेंजर’वरच होता, तरी त्याला एकही तीर लागला नाही. त्याच दिवशी ‘मेरी लकेनबाख’ या दारूगोळावाहू जहाजाचा मात्र प्रचंड स्फोट झाला.

ताफ्यातली एकूण १३ व्यापारी जहाजे बुडाली, दहा विमानांमुळे आणि तीन पाणबुड्यांमुळे. उरलेली २७ अर्खांगेल्स्कला पोहोचली. जर्मनांची चाळिसेक विमाने पडली आणि कसलेले वैमानिक गेले. ही हानी भरून काढणे सोपे नव्हते. नोव्हेंबरमध्ये मित्रराष्ट्रे उत्तर आफ्रिकेत उतरल्यावर यातल्या पाणतीर तुकड्या भूमध्य समुद्राकडे हलवण्यात आल्या. १५ नोव्हेंबर १९४२ रोजी जिब्राल्टरजवळ एका जर्मन पाणबुडीने ‘ॲव्हेंजर’ बुडवले. त्यावरचे केवळ १२ जण वाचले.