नव्या तांदळाचा चीजभात

पिशवी सांभाळा. तिच्यात चीजचा पत्र्याचा डबा आहे आणि आज डिसेंबर १९८७ मधला रविवार आहे. खिशातला मोबाइल बाहेर काढू नका. इथं त्याला रेंज नाही, आणि लोकांना उत्तरं देत बसायला तुम्हाला वेळ नाही. दुर्गला उतरून तुम्ही टेम्पो धरलात, सुपेल्याला उतरलात आणि तिथून सायकलरिक्षानं सेक्टरात शिरलात. रस्ता एवढा रिकामा कसा, असं वाटलं ना? साडेनऊ वाजून गेलेत, दूरदर्शनवर ‘रामायण’ चालू आहे. रिक्षावालाही नाइलाजानंच निघालाय.

भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीतलं सेक्टर म्हणजे सरळ रेघांचा कारभार. गल्लीला नाव नाही, स्ट्रीट नंबर आहे. क्वार्टरं एकासारखी एक. मागे छोटं अंगण, त्यात पेरू नाहीतर आंबा, कोपऱ्यात कढीपत्ता. दारावरच्या पाट्या वाचत चला : नायर, रेड्डी, मुखर्जी, साहू, आणि मग एक देशपांडे. तिथंच थांबा.

“या ना जी, आत या. नागपूरहून येऊन राहिले म्हणे तुम्ही?” काकू तुम्हाला कोणाचा तरी पाहुणा समजल्यात. समजू द्या. डबा त्यांच्या हातात ठेवला की पुढचे प्रश्न आपोआप बंद होतात. “आणलं का चीज! मागच्या खेपेला आलं तं पोरांनी नुसतंच खाऊन टाकलं. आज भातात घालते. यांची फर्स्ट शिफ्ट आहे, दोनला सुटतात.”

रविवारी ड्यूटी? हो. धमनभट्टीला रविवार नसतो. ती एकदा पेटली की वर्षानुवर्षं विझवत नाहीत, त्यामुळे भिलाईतली स्वयंपाकघरं घड्याळापेक्षा शिफ्टवर चालतात. सहा ते दोन, दोन ते दहा, दहा ते सहा. कोणाच्या घरी सकाळी सहाला रात्रीचं जेवण होतं, कोणाच्या घरी दुपारी झोपलेल्या माणसासाठी कुकरची शिट्टीसुद्धा दाबून ठेवतात.

काकू डब्यातून तांदूळ काढतायत. हातावर घेऊन बघा. आखूड, बारीक, वास घेतला तर कच्चा असूनही सुगंध येतो. दुबराज आहे, सिहाव्याकडचा, नुकताच खळ्यातून आलेला. सुगीचे दिवस आहेत. पुढच्या महिन्यात पौषी पौर्णिमेला पोरं दारोदार धान मागत ‘छेरछेरा’ म्हणत हिंडतील. तुम्ही मुंबई-पुण्याचे असाल तर नव्या तांदळाला नाकं मुरडत असाल. बरोबरच आहे, मसालेभाताला तो कामाचा नाही, गोळाभाताला तर मुळीच नाही. चिकट होतो, गिचका होतो. पण आजच्या भाताला नेमकं तेच हवंय.

“एक वाटी तांदूळ, अडीच वाटी पाणी. जुना असता तं तीन घातलं असतं,” काकू सांगतात. “बासमती तं अजिबात नाही. त्याचा दाणा पाहुण्यासारखा, दुसऱ्याला टेकतच नाही.” तांदूळ दोनदा धुतात. खळखळून, पाणी नितळ होईपर्यंत धुवायचा नाही. थोडी पिठी राहिली पाहिजे. चिमूट मीठ, कुकरला तीन शिट्ट्या, मग वाफ आपोआप जिरेपर्यंत हात लावायचा नाही.

तेवढ्यात मागचं दार उघडून अंगणात या.

अंगण नाही. लाल मातीचं मोकळं रान आहे, दूरवर क्रेनचे हात, आणि आज ४ फेब्रुवारी १९५९ आहे. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद पहिल्या धमनभट्टीचं उद्घाटन करायला आलेत. कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला तो २ फेब्रुवारी १९५५ ला. तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या जुन्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी होती नागपूर. त्यामुळे विदर्भातून इथं नोकरीला येणं म्हणजे फार परमुलुखात जाणं वाटत नसे. त्याआधीही नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून रतनपूर-रायपूरकडे मराठी घरं होतीच. १ नोव्हेंबर १९५६ ला राजधानी भोपाळला गेली. माणसं इथंच राहिली.

गंमत बघा. तुमच्या पिशवीतल्या चीजमागची जी आणंदची दुग्धशाळा, तिची पायाभरणी १९५४ मध्ये याच राजेंद्रबाबूंच्या हातून झाली होती, आणि १९५५ च्या ऑक्टोबरात नेहरूंनी ती सुरू केली. म्हशीच्या दुधाची पावडर होणं शक्य नाही, असं परदेशी जाणकार सांगत होते. हरिचंद मेघा दलाया या अभियंत्यानं ती करून दाखवली. मग त्याच म्हशीच्या दुधाचं चीज आलं. म्हणजे तुमच्या पिशवीतला डबा आणि काकांची भट्टी एकाच पिढीची. पण १९५९ च्या या संध्याकाळी इथल्या शेगडीवर चीज नाही. दगडी कोळशाचा धूर आहे, पातेल्यात मऊभात आहे आणि वर तूप-मेतकूट. शेजारी राहायला आलेल्या रशियन बायकांना विचारलंत तर त्या सांगतील की त्यांच्याकडे पनीरासारखं ‘त्वोरोग’ कधी भाताबरोबरही भट्टीत भाजतात. त्यांनी इथल्या कोणाला ते शिकवलं, असा दावा मी करणार नाही. मऊ भात आणि त्यावर दुधाचा काहीतरी स्निग्ध पदार्थ, एवढं दमलेल्या माणसाला कुठल्याही देशात सुचतं.

तिसरी शिट्टी झाली. आत चला, १९८७ मध्ये.

कढईत दोन चमचे लोणी. त्यात ठेचलेला लसूण, पातीचा कांदा, मूठभर मटार. मटार शिजले की एक चमचा मैदा टाकायचा आणि मंद आचेवर परतायचा. कच्चा वास गेला पाहिजे, रंग मात्र बदलता कामा नये. मग एक वाटी दूध, थंडच, थोडं थोडं. गुठळ्या झाल्या तर घाबरू नका, रवी फिरवा. आता गॅस बंद करून चीज किसून घाला, डब्याचा साधारण सातवा हिस्सा, म्हणजे साठेक ग्रॅम. वर मिरपूड.

हे डब्यातलं चीज प्रक्रिया केलेलं आहे, आणि या कामाला तेच योग्य. त्यात घातलेले क्षार दुधातल्या प्रथिनांना जखडून ठेवणारं कॅल्शियम ओढून घेतात, म्हणून ते वितळताना तेल सोडत नाही की रबरासारखं ताणलं जात नाही. सॉस कसा एकजीव होतो बघा. पुढं चाळीस वर्षांनी लोक मोझरेलाच्या लांबलचक तारा काढून फोटो काढतील. तारा पिझ्झ्याला. इथं त्या घासाच्या आड येतात.

भात डावाच्या पाठीनं जरासा दाबून सॉसमध्ये कालवा. काकूंकडे केक भाजायचा गोल अॅल्युमिनियमचा ओव्हन आहे, पण त्या तो काढत नाहीत. “कोण तापत बसेल तो!” जाड बुडाच्या पातेल्याला लोणी फासून त्यात भात थापतात, पातेलं तव्यावर ठेवतात, झाकण, बारीक गॅस, दहा मिनिटं. खाली तांबूस खरवड धरते. माझ्या मते हा भात खरवडीसाठीच करायचा असतो, आणि घरात त्यासाठी भांडणं होत नसतील तर तो नीट झालेला नाही.

वर बारीक चिरलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर, भुरभुरून एक वाटी आधी भिंतीपलीकडे नायरांकडे जाते. ती रिकामी परत येणार नाही, हे सांगायला नको.

दोन वाजून वीस मिनिटांनी फाटकाशी स्कूटर थांबते. काका हातपाय धुऊन पाटावर बसतात. ताटात मुख्य मान वांग्याच्या रश्श्याचा आहे, लाल तर्रीचा, सावजी घाटाचा. पाट्यावर वाटलेली टमाटरची चटणी आहे. चीजभात डाव्या हाताला, थोडासाच, कारण तो सबंध जेवण व्हायचा नाही. तिसऱ्या घासाला डोळ्यांत पाणी आलं की त्याकडे वळायचं. काका काही बोलत नाहीत. आठ तास भट्टीपाशी काढून आलेला माणूस जेवताना बोलत नाही.

खरवड संपवून डोळे मिटा. उघडाल तेव्हा १ नोव्हेंबर २००० असेल, राज्याचं नाव छत्तीसगड झालेलं असेल, आणि स्वयंपाकघर तेच. आणखी एकदा मिटा. आता आज आहे. सुपेल्याच्या बाजारात ‘एचएमटी’ नावाचा तांदूळ मिळतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या शेतकऱ्यानं आपल्या शेतात निवडून वाढवलेला, नाव घड्याळावरून ठेवलेलं. तोही चालेल, पाणी तेवढं अर्धी वाटी जास्त. सिहाव्याकडच्या त्याच दुबराजला ‘नगरी दुबराज’ या नावानं २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मिळाला तर तोच घ्या, आणि दुकानदाराला नवाच मागा.

चीज गार झालं की आवळतं, त्यामुळे भात तव्यावरून थेट ताटात. उरलाच तर लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी दोन चमचे दूध घालून चांगला वाफवा. आणि शेजारी झणझणीत रस्सा नसेल तर हा भात करूच नका.