रतीब, डेअरी आणि कायदा: आष्टीतील कच्च्या दुधाचे नियमन

बालाघाट डोंगररांगेच्या परिसरातील आष्टी तालुका 1948 च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पाऊस बेभरवशाचा आणि ऊसतोडीसाठीचे स्थलांतर नित्याचे, अशा या भागात दुभते जनावर हा कुटुंबाचा मोठा आधार राहिला आहे. जुन्या व्यवहारात दूध ठरलेल्या घरी रोज ठरल्या मापाने पोचवले जाई, म्हणजेच त्याचा रतीब घातला जाई, आणि उरलेल्या दुधाचे तूप किंवा खवा होई. पाणी घालणाऱ्याचा रतीब बंद करणे ही गिऱ्हाइकाच्या हातातली शिक्षा होती, तर दूध उकळूनच पिण्याची घरोघरची रीत ही रोगापासूनची राखण होती.

1954 चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा 1 जून 1955 पासून अमलात आला आणि दुधाची प्रत स्निग्धांश म्हणजे फॅट व स्निग्धांशाव्यतिरिक्त घनपदार्थ म्हणजे एसएनएफ यांवर ठरू लागली. निरीक्षक नमुन्याचे तीन भाग करी आणि दूध नासू नये म्हणून त्यात फॉर्मलिन टाकून बाटल्या मोहोरबंद करी. पुढे सहकारी व खासगी संकलन केंद्रांनी हेच मोजमाप गावोगाव नेले. लॅक्टोमीटर दुधाची घनता दाखवतो; पाण्याने ती घटते, पण साय काढल्याने वाढते, त्यामुळे साय काढून पाणी घातलेले दूध त्याला चकवू शकते. म्हणूनच फॅटची वेगळी तपासणी आवश्यक ठरली आणि गाईच्या दुधाचा दर 3.5 फॅट व 8.5 एसएनएफ या पायावर बांधला गेला.

या मोजमापाने भेसळीला आळा घातला, परंतु क्षय आणि ब्रुसेलोसिस, म्हणजे जनावरांत गर्भपात व माणसांत दीर्घ ताप आणणारा रोग, फॅटच्या आकड्यात दिसत नाहीत. कच्च्या दुधातील अशा धोक्यावर उपाय म्हणून ब्रिटनमध्ये स्कॉटलंडने 1983 मध्ये कच्च्या दुधाच्या विक्रीवर बंदी घातली, तर इंग्लंडने शेतकऱ्याकडून थेट ग्राहकाला होणारी विक्री इशाऱ्याच्या चिठ्ठीसह चालू ठेवली. भारताने बंदीचा मार्ग धरला नाही. अन्नसुरक्षा व मानके कायदा 2006 मध्ये मंजूर होऊन 2011 मध्ये पूर्णपणे लागू झाला, आणि त्याच्या परवाना नियमांनी आपले सर्व दूध सहकारी संस्थेला देणाऱ्या सभासदाला नोंदणीतून सूट दिली. रतीब घालणाऱ्या लहान विक्रेत्याला मात्र अशी सूट नाही, आणि डेअरीच्या सभासदाला रोज मिळणारी तपासणीही त्याच्या वाट्याला येत नाही.

नोंदणीचा कागद दूध शुद्ध करीत नाही. संकलन केंद्रावरील तपासणी रतीबवाल्यालाही खुली केली, गोठ्यातील जनावरांची ब्रुसेलोसिस चाचणी व लसीकरण पशुवैद्यकीय दवाखान्यातून नियमित केले आणि दूध उकळण्याचा सल्ला विक्रीबरोबर दिला, तरच कायद्याचा हेतू शेतकरी व ग्राहक या दोघांच्याही पदरात पडेल.