चूक कोणाची, हे नंतर

आपण विक्रोळीत, पूर्व द्रुतगती महामार्गाच्या शेजारी बसलोय, म्हणून विचारतो: गाडीनं माणूस गेला, तर घरच्यांना भरपाई कशी मिळते?

१९३९ च्या मोटार वाहन कायद्यात व्यवहारात वाट एकच. चालकाची चूक सिद्ध करा. साक्षीदार नाही, तर पैसा नाही. १ ऑक्टोबर १९८२ ला कलम ९२-अ लागू झालं: मृत्यू झाला तर वाहनमालकानं, म्हणजे त्याच्या विमा कंपनीनं, १५,००० रुपये द्यायचे, चूक न विचारता.

२९ ऑक्टोबर १९८७ ला पहाटे, सातारा जिल्ह्यात कवठ्याजवळ ट्रकशी टक्कर होऊन पेट्रोलचा टँकर उलटला. चारेक तासांनी स्फोट झाला. जमलेल्यांपैकी काहीजण गेले. त्यातल्या एकाच्या आईनं दावा लावला. समोरचे म्हणाले, पडलेला टँकर म्हणजे ‘वाहनाचा वापर’ कसा? १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आईचं म्हणणं मान्य केलं. वाद पंधरा हजारांचा, चालला जवळजवळ चार वर्षं!

आज कलम १६४ आहे. एप्रिल २०२२ पासून मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख, चूक न विचारता. पण ते स्वीकारलं, की कलम १६६ चा, चूक सिद्ध करून जास्त मागायचा दावा संपतो. म्हणून सही करण्याआधी दोन्ही वाटा समजून घ्या.