केंब्रिज आणि रँग्लरांचे घराणे

मराठी कुटुंबांत केंब्रिजचे नाव प्रथम शिरले ते एका उपाधीच्या रूपाने. 'रँग्लर' हा शब्द मूळचा तेथील गणिताच्या परीक्षेतला. तीत पहिल्या वर्गात उत्तीर्ण होणाऱ्यास तो लावीत. आपल्याकडे मात्र तो रावबहादुरासारखा माणसाच्या नावासच जडला. रँग्लर परांजपे, रँग्लर महाजनी म्हणताना हा शब्द कोठला, हे विचारण्याचेही कोणास कारण पडत नसे. दापोलीजवळच्या मुरडी गावी १८७६ साली जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली त्या परीक्षेत पहिले, म्हणजे सीनियर रँग्लर आले. हा मान त्यांना बर्टविसल नावाच्या इंग्रज विद्यार्थ्याबरोबर विभागून मिळाला होता. आपल्या कौतुकात बिचाऱ्या बर्टविसलची आठवण सहसा कोणी ठेवीत नाही!

आता आमच्या गोदाकाठच्या मुलामुलींनाही केंब्रिजची ओढ लागली आहे. पालकांच्या मनातील चित्र मात्र अद्याप त्या पहिल्या क्रमांकाचेच. वस्तुतः क्रमवार नावे जाहीर करण्याची ती प्रथा १९०९ सालच्या परीक्षेनंतर बंद झाली. तेव्हा क्रमांकाचा मोह बाजूस ठेवून त्या गावाकडेच नीट पाहिलेले बरे.

लंडनच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरांवर, कॅम नावाच्या नदीकाठी हे गाव आहे. नदी म्हणजे गोदावरी पाहिलेल्यास ओढाच वाटावा. विद्यापीठाचा जन्म भांडणातून झाला. १२०९ साली ऑक्सफर्ड येथे एका स्त्रीच्या हत्येवरून खवळलेल्या गावकऱ्यांनी काही विद्यार्थ्यांस फासावर चढविले. उरलेले भयाने पांगले आणि त्यांतील काही ह्या बाजारपेठेच्या गावी येऊन राहिले. येथेही गावाशी त्यांचे सख्य जमले नाही. पुढे राजाने गावातील पाव आणि बिअर यांच्या भावावर व वजनमापांवर देखरेख करण्याचा अधिकारही विद्यापीठास दिला. व्यापाऱ्यांस तो रुचेल कसा? १३८१ च्या शेतकरी बंडात गावकऱ्यांनी विद्यापीठाचे दस्तऐवज भर चौकात जाळले. आज प्रवासी ज्या दगडी कमानींपुढे उभे राहून छायाचित्रे काढतात, त्यांच्या आड हा वैराचा इतिहास आहे.

विद्यार्थ्याने सर्वांत आधी समजून घ्यावयाची गोष्ट म्हणजे तेथील 'कॉलेज'. येथे आमचा पुष्कळ घोटाळा होतो. मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघाले: विद्यापीठाने परीक्षा घ्यावी आणि दूरदूरच्या संलग्न कॉलेजांनी शिकवावे. विष्णुपुरीस १९९४ साली स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठही, स्वतःचे अध्यापन-विभाग असले तरी, नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली ह्या जिल्ह्यांतील कॉलेजांस असेच सांभाळते. केंब्रिजचे कॉलेज ह्या अर्थाने कोणास संलग्न नाही. १२८४ साली ईलीच्या बिशपाने पीटरहाउस स्थापिले, तेव्हापासून ही कॉलेजे स्वतःच्या इस्टेटी आणि स्वतःचे नियम बाळगून आहेत. आज ती ३१ आहेत. व्याख्याने, प्रयोगशाळा, परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची. पदवीपूर्व प्रवेश, निवास, भोजनगृह आणि ग्रंथालय कॉलेजाचे. गणिताचा, वैद्यकाचा व इतिहासाचा विद्यार्थी एकाच पंक्तीस जेवतो. शिवाय आठवड्यास एकदोनदा, दोघातिघांनी वा एकट्याने शिक्षकापुढे बसून आपण लिहिलेल्या निबंधाचे किंवा सोडविलेल्या गणिताचे समर्थन करावयाचे. सत्तर जणांच्या वर्गात टिपणे उतरविण्याची सवय झालेल्यास पहिले सत्र ह्यामुळेच जड जाते. सत्रेही अवघी आठ-आठ आठवड्यांची. अंग चोरण्यास जागा उरत नाही.

ह्या गुणग्राहक गावाची दुसरी बाजूही पालकांनी, विशेषतः मुलींच्या पालकांनी, जाणून घ्यावी. १८९० साली न्यूनहॅम कॉलेजच्या फिलिपा फॉसेट ह्या युवतीने गणितात सीनियर रँग्लरहून अधिक गुण मिळविले. तिचे स्थान 'सीनियर रँग्लरच्या वर' असे जाहीर झाले, पण पदवी मिळाली नाही. ती स्त्री होती. १८९७ साली स्त्रियांस नाममात्र पदव्या देण्याचा ठराव मतास आला, तेव्हा तरुण विद्यार्थ्यांनी सायकलवर बसलेल्या स्त्रीचा पुतळा रस्त्यावर टांगून त्याची थट्टा केली आणि ठराव प्रचंड मताधिक्याने फेटाळला गेला. त्या वेळी परांजपे तेथेच शिकत होते.

तीस वर्षांनी त्यांची कन्या शकुंतला त्याच फॉसेटच्या न्यूनहॅममध्ये गणित शिकावयास गेली आणि १९२९ साली परीक्षा उत्तीर्ण झाली. मधल्या काळात, १९२१ साली, स्त्रियांस नाममात्र पदवी देण्याइतके औदार्य विद्यापीठास सुचले होते. मात्र त्याचे पूर्ण सभासदत्व त्यांना मिळत नसे. वसाहतीतून आलेल्या बापास ज्या विद्यापीठाने शिखरावर बसविले, त्याने तीच परीक्षा देणाऱ्या मुलीस उंबऱ्यावरच ठेवले. हा भेद १९४८ साली मिटला. पुरुषांच्या कॉलेजांनी मुलींस घेण्यास १९७२ पासून आरंभ केला. मॉडलिन कॉलेजने तर १९८८ पर्यंत वाट पाहावयास लावली.

शकुंतलाबाईंचे न्यूनहॅम आजही केवळ स्त्रियांचेच आहे. पदवीसाठी जाणाऱ्या विद्यार्थिनीस अर्जात त्याचे नाव घालता येईल, दुसरे एखादे कॉलेज निवडता येईल, किंवा निवड विद्यापीठावर सोपविता येईल. अर्ज आदल्या वर्षीच्या ऑक्टोबराच्या मध्यापर्यंत पोहोचावा लागतो, आणि त्याच वर्षी पदवीसाठी ऑक्सफर्डकडेही अर्ज करण्याची सामान्यतः मोकळीक नसते.