पिंजणीपासून संकेतस्थळापर्यंत : गादीच्या व्यापाराचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :

राजकीय घडामोडींच्या तुलनेत घरातील नित्याच्या वस्तूंकडे इतिहासलेखनाचे लक्ष उशिरा वळले. धान्य, कापड, दागिने यांचा अभ्यास झाला. अंथरूण-पांघरूण मात्र बरेचसे उपेक्षित राहिले. गेल्या दशकात ऑनलाईन गादीविक्रीची बरीच चर्चा झाली आणि ही बाजारपेठ जणू नव्यानेच जन्माला आली आहे, असे तिचे वर्णन होऊ लागले. प्रस्तुत लेखात महाराष्ट्राचा संदर्भ समोर ठेवून या व्यापाराचा मागोवा घेतला आहे. पूर्वी दुरुस्त होणारी गादी आता बदलली जाणारी वस्तू झाली आणि विक्रीच्या वाढत्या आकड्यांमागे हे स्थित्यंतर दडलेले आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

पिंजारी आणि घर :

मराठीत 'गादी' हा शब्द राजाच्या, मठाधिपतीच्या आणि सावकाराच्याही आसनासाठी वापरला जातो. यावरून या वस्तूची पूर्वीची प्रतिष्ठा लक्षात येते. सामान्य कुटुंबे घोंगडी, वाकळ, गोधडी किंवा चटईवर झोपत. कापसाची गादी हे सुस्थितीचे लक्षण होते. वऱ्हाड-खानदेशासारख्या कापूस पिकविणाऱ्या प्रदेशांतही कापूस हे प्रथम रोख पैशाचे पीक होते. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) भाव वाढल्यावर तर तो मोठ्या प्रमाणावर मुंबई बंदरातून इंग्लंडला गेला.

गादी तयार करण्याचे काम पिंजारी करीत. मन्सुरी, नदाफ या नावांनीही हा समाज ओळखला जातो. त्याचे मुख्य साधन म्हणजे ताणलेल्या तातीची धनुष्याकृती पिंजण. या साधनाच्या भारतातील प्रसाराविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. इरफान हबीब यांनी मध्ययुगीन तंत्रज्ञानाच्या चर्चेत त्याला महत्त्वाचे स्थान दिले. पिंजाऱ्याची गणना बारा बलुतेदारांत होत नसे. त्यामुळे सुगीच्या वेळी मिळणाऱ्या बलुत्यावर त्याचा निर्वाह अवलंबून नव्हता. केलेल्या कामाचा मोबदला घेत तो गावोगाव आणि गल्लोगल्ली फिरे. तातीचा आवाज हीच त्याची जाहिरात होती.

वापराने कापूस दबतो, त्याच्या गाठी होतात. अशी गादी उसवून, रुई पिंजून, धूळ व घट काढून, थोडी नवी रुई मिसळून ती पुन्हा भरली जाई आणि टाके घातले जात. जुनी खोळ फाटली असेल तेवढीच बदलावी लागे. हे सर्व काम अंगणात, घरातील माणसांच्या डोळ्यांदेखत होई. किती रुई आली, किती घट निघाली, हे गृहिणीला दिसत असे. लेकीच्या लग्नात दिलेली गादी अशा रीतीने अनेक वर्षे टिके. तिची 'विक्री' एकदाच होई. पिंजणे मात्र पुन:पुन्हा होई. पुढे यंत्राने रुई पिंजणारे 'गादी कारखाने' गावोगावच्या बाजारपेठांत उभे राहिले, तरी रुईच्या वजनावर किंमत ठरविण्याची आणि जुनी गादी पुन्हा भरून देण्याची पद्धत कायम राहिली.

काथ्या, फोम आणि छापील हमी :

बदलाची बीजे कारखान्यात पेरली गेली. १९२९ मध्ये डनलॉप कंपनीच्या प्रयोगशाळेत रबराच्या चिकापासून फोम तयार झाला, तर १९३७ मध्ये जर्मनीत ऑटो बायर यांनी पॉलियुरेथेनचा शोध लावला. भारतात १९५३ च्या कायद्याने काथ्या उद्योगाला संस्थात्मक आधार मिळाला. १९६२ मध्ये बंगळूरमध्ये स्थापन झालेल्या कंपनीने रबरयुक्त काथ्याची 'कर्लऑन' गादी घरोघरी पोहोचविली. १९७१ मध्ये शीला गौतम यांनी शीला फोमची स्थापना केली. 'स्लीपवेल' हे तिचे नाव पुढे सर्वपरिचित झाले.

या गाद्या हलक्या होत्या, त्यांना रोज उन्हात घालावे लागत नसे आणि शहरांतील पलंगाच्या ठरावीक मापात त्या बसत. परंतु दबलेला फोम पिंजता येत नाही. गादी बसली की टाकून द्यावी लागते. येथे ग्राहकाच्या विश्वासाचा आधारही बदलला. आतील माल डोळ्यांनी पाहण्याऐवजी त्याला दुकानदाराच्या शब्दावर आणि छापील हमीपत्रावर विसंबावे लागले. पिंजाऱ्याच्या व्यवसायाला खरा धक्का बसला तो या टप्प्यावर. आंतरजाल तर त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आले.

पडद्यावरची गादी :

भारतात फ्लिपकार्टची सुरुवात २००७ मध्ये पुस्तकविक्रीने झाली. २०१० मध्ये तिने माल हाती आल्यावर पैसे देण्याची सोय केली आणि ऑनलाईन खरेदीविषयीचा संकोच कमी झाला. तरीही गादीसारखी अवजड वस्तू पाठविणे खर्चिक होते. फोम यंत्राने दाबून, हवा काढून, गुंडाळून खोक्यात बसविण्याच्या तंत्राने हा प्रश्न सोडविला. अमेरिकेत २०१४ मध्ये सुरू झालेल्या कॅस्परने हा प्रकार लोकप्रिय केला. भारतात २०१६ मध्ये बंगळूरची वेकफिट आणि २०१९ मध्ये मुंबईची द स्लीप कंपनी या क्षेत्रात आली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा गादीवर २८ टक्के कर होता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये तो १८ टक्क्यांवर आला.

न पाहता, न चाचपता गादी घ्यायची कशी, या प्रश्नाला विक्रेत्यांनी शंभर रात्रींच्या चाचणीचे उत्तर दिले. ही सोय विनाखर्चाची नव्हती. जाहिरात आणि परत आलेला माल यांचा मोठा भार वाहणाऱ्या कॅस्परला २०१८ मध्ये सुमारे ३५.८ कोटी डॉलरच्या उत्पन्नावर सुमारे ९.२ कोटी डॉलरचा तोटा झाला. भारतातील ऑनलाईन कंपन्यांनीही करोनोत्तर काळात शहरांतून दुकाने उघडली. गादीवर हात दाबून पाहण्याची ग्राहकाची जुनी सवय पडद्याला मोडता आली नाही, असाच याचा अर्थ होतो. २०२३ मध्ये शीला फोमने कर्लऑनमधील बहुतांश हिस्सा सुमारे २,१५० कोटी रुपयांच्या मूल्यांकनाने घेण्याचे जाहीर केले. संघटित व्यापाराचा विस्तार या आकड्यावरून कळतो.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, विक्रीचे आकडे नवी खरेदी मोजतात. अंगणात पिंजल्या गेलेल्या गाद्यांची नोंद त्यांत कोठेच नाही. म्हणून केवळ या आकड्यांवरून पूर्वीचा समाज गादीविना होता किंवा आजची झोप अधिक सुखाची आहे, असे अनुमान काढता येणार नाही. दुसरी गोष्ट अशी की, टाकून दिलेल्या फोमचा भार आता नगरपालिकांच्या कचरा डेपोंवर पडतो. पिंजाऱ्याच्या व्यवहारात हा खर्च जवळजवळ नव्हताच.

या व्यवसायाचा लेखी पुरावा अल्प आहे. गादी कारखान्यांच्या जुन्या वह्या, लग्नखर्चाच्या याद्या आणि वृद्ध पिंजाऱ्यांच्या मुलाखती हीच त्याची साधने होत. हातात पिंजण धरलेली पिढी आता वार्धक्यात आहे. इतिहास विभागांनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून आपापल्या तालुक्यातील ही साधने वेळीच गोळा केली, तर महाराष्ट्राच्या श्रमाच्या इतिहासातील एक रिकामे पान भरून निघेल. वह्या रद्दीत गेल्यावर आणि माणसे निघून गेल्यावर हे काम कोणत्याही निधीतून करता येणार नाही.